पालथी घागर

मोबाइल खाली ठेव रे अखिल. आणि पुनम, तू मध्ये हसलीस तर गोष्ट तिथंच सोडून खाली झोपायला जाईन, सांगून ठेवतो. ही ऐकीव नाही. आपल्या पिंप्राळ्यातली आहे, माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या झुंबरबाईची.

तिचा नवरा झुलाल पाइपच्या कारखान्यात. एकुलता एक पोरगा कुंदन, पर्यटकांच्या बोटीवर स्वयंपाकाला लागलेला. एकदा बोट वेस्ट इंडीजकडच्या एका बेटाला थांबली. तिथं गोऱ्यांनी बांधलेला जुना किल्ला आहे. हा गेला बघायला. तोफेवर बसून फोटो काढला आणि आईला पाठवला. खाली लिहिलं, "माय, आपला पारोळाना किल्लासारखाच शे. फक्त बाजूले समुद्र शे."

तासाभराने तो तटाखालच्या खडकांवर उतरला. लाट आली, घेऊन गेली. शोधलं खूप, पण देह काही मिळाला नाही. बोटवाल्यांनी कागद पाठवला.

झुंबरबाईने तो कागद हातात धरला नाही. "देह कोनी देखा का? मना कुंदन जित्ता शे," एवढंच म्हणायची. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आपण गेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर भरतो की नाही? वर्षभराचे तहानलेले ते, त्या दिवशी पाण्याला येतात. हिने दोन आखाज्या पोराची घागर भरली नाही. भरली म्हणजे पोरगा गेला हे आपल्या हाताने कबूल करणं. कोणत्या आईचा हात धजेल, सांगा! झुलाल मात्र आतून कुढायचा, पोरगं तहानलेलं फिरत असेल म्हणून.

गेल्या वर्षी त्याने धीर केला. पासपोर्ट, व्हिसा सगळं केलं. निघताना कुंभाराकडची नवी घागर घरात आणून ठेवली. "मी त्याले बलावाले जास. तू घागर भर." झुंबरबाईने घागर उचलली आणि कोपऱ्यात पालथी घातली.

आखाजीची आदली रात्र. मंगळवार संपून बुधवार लागलेला, अडीच वाजलेले. तिकडे तेव्हा संध्याकाळचे पाच. किल्ला बंद व्हायची वेळ. झुलालने व्हिडिओ कॉल लावला.

फोनमध्ये तिला काळा तट दिसला, गंजलेल्या तोफा दिसल्या. झुलाल धापा टाकत होता. "हाई देख, हाईच ती तोफ." तोफेची पाठ बसून बसून गुळगुळीत झालेली. फोटोतली तीच. झुंबरबाईने स्क्रीनवरून बोट फिरवलं. मागे पहारेकरी घंटा वाजवत होता. झुलालने समुद्राकडे तोंड केलं आणि हाक मारली.

"कुंदन, चाल रे घर! माय वाट देखी ऱ्हायनी!"

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फुटला. आणि फोन कट झाला.

घरात पंखा फिरत होता. बाकी काही नाही.

मग दाराशी...

"माय, पानी दे वं."

तोच आवाज. झुंबरबाई धावली. कडी काढली. अंगणात कोणी नाही. पायरी ओली.

पण तिला भीती वाटली नाही रे. तिला आनंद झाला! पोरगा आला! "घरमा ये ना भाऊ," म्हणाली. पोराला ती लाडाने भाऊच म्हणायची. त्याचाच स्टीलचा ग्लास भरला, उंबऱ्यावर ठेवला. ताट वाढलं.

वाट पाहिली.

पाणी काठोकाठ. तसंच.

"पी ना रे."

...

"माय, पानी..."

दुसरा ग्लास. तिसरा. तांब्या. एक थेंब हलला नाही. आवाज मात्र बारीक होत चालला. लहानपणी तापात व्हायचा, तसा.

मग तिला कळलं. जित्या माणसाचा ग्लास त्याला उचलवत नव्हता.

पहाटे ती उठली. कोपऱ्यातली घागर सुलटी केली. नळाच्या पाण्याने भरली. अर्धं पाणी पदरावर सांडलं. उंबऱ्यावर ठेवली आणि जी रडली... भिंतीपलीकडे मी जागा झालो.

"तू गया रे भाऊ. गया तू. पी ले आते. पोटभर पी ले."

...

मग आवाज आला नाही.

आम्ही घरचे धावत गेलो तेव्हा उजाडत होतं. ग्लास भरलेले, तांब्या भरलेला, ताट तसंच. घागर तेवढी रिकामी. कुठं चीर नाही, खालची फरशी कोरडी. आत तळाला पांढरा थर बसलेला. झुंबरबाईने बोट लावून जिभेला लावलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मीही चाखलं.

मीठ होतं.

पाणी नळाचं होतं रे... यंदा आखाजीला तिने घागर भरली, पण समुद्रातून आलेल्या पोराला आणखी खारट नको म्हणून कुंदनच्या पानात मीठ वाढलं नाही. तरी सकाळी घागरीच्या तळाला तोच थर होता.