भिंतीपलीकडचा बाक

चिखलीत शस्त्रक्रियेत काढलेली गाठ तपासायला पोचवण्याचं काम नातेवाइकांचंच असतं. सर्जन ती आधी त्यांना ट्रेमध्ये दाखवतात, मग फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून हातात देतात. बरणी पिशवीत, पिशवी मांडीवर, माणूस रिक्षात. माझी लॅब दवाखान्यापासून फार लांब नाही. उंद्रीच्या रुक्मिणीबाई मात्र दुसऱ्या दिवशी उगवल्या.

“घरी नेली होती मॅडम,” त्या म्हणाल्या. “गल्लीतल्या बायायले दाखवली. म्हटलं पाहा, नवस केले लेकरासाठी अन् पोटातून निंगालं काय!”

गाठ त्यांच्या सुनेची होती. समीक्षा, वय सव्वीस, लग्नाला चार वर्षं, मूल नाही. मागच्या वर्षी तिची पाळी थांबली, मग हनुवटीवर केस आले, आवाज जाड झाला.

“फोन उचलते तं लोकं इचारतात, हरिओमचा भाऊ कधी आला?” रुक्मिणीबाई हसल्या.

“माय, बस झालं,” त्यांचा मुलगा हरिओम मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. समीक्षाचा नवरा तोच.

उजवं अंडाशय गाठीसकट काढलं होतं. डावं सर्जनांनी ठेवलं होतं, माझ्या रिपोर्टपर्यंत. ही सर्टोली-लायडिग जातीची गाठ असणार, असा माझा अंदाज होता. बाईच्या अंडाशयात पुरुषी संप्रेरक तयार करणारी, क्वचित दिसणारी. तिच्या पेशी नळ्या करून शिस्तीत बसलेल्या असल्या तर काम तिथंच संपतं. पाळी परत येते, मूलही होऊ शकतं. शिस्त मोडलेली असली तर डावं अंडाशय आणि गर्भाशयही काढायचं, वर केमोथेरपी.

रंगवलेली स्लाइड मी सकाळी मायक्रोस्कोपखाली ठेवली. नीटनेटक्या पोकळ नळ्या. मधल्या जागेत गरगरीत, गुलाबी लायडिग पेशी. विद्यार्थ्यांना दाखवावं असं चित्र. मी फोटो काढला.

दुपारी सही करण्याआधी पुन्हा पाहिलं. नळ्या मोडल्या होत्या. लांबट पेशींचे लोंढे, काळीभोर केंद्रकं, नजर जाईल तिथं विभाजन. या पेशी तर मेलेल्या होत्या, बदलूच शकत नव्हत्या. फॉर्मॅलिनमध्ये थिजलेल्या, मेणात बसवून कापलेल्या, काचेवर चिकटवलेल्या.

“वैजनाथ, ही कोणाची स्लाइड लावलीस?”

“समीक्षाचीच हाय मॅडम. नंबर पाहा ना.”

नंबर बरोबर होता. वैजनाथ माझा जुना टेक्निशियन; स्लाइड त्यानंच रंगवून तपासली होती. तो भिंगावर वाकला.

“हे काऊन असं दिसून राह्यलं?” म्हणाला, आणि मागे सरकला.

आम्ही नवे काप घेतले. रंग बदलला. मायक्रोस्कोपही बदलला. संध्याकाळी सगळ्या कापांत नळ्या जागच्या जागी होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोडल्या. मी अकोल्याच्या माझ्या सरांकडे काप पाठवले.

सरांचा फोन आला. “साधी गाठ आहे, भीती नाही. तुला शंका कसली आली?”

ते बोलत होते आणि माझ्या डोळ्यांखाली नळ्या एकेक करून फुटत होत्या. माझ्या टेबलामागे भिंत आहे. भिंतीपलीकडे पेशंटचा बाक. तिकडून बांगड्या वाजल्या.

मी बाहेर गेले. रुक्मिणीबाई रोजच्यासारख्या रिपोर्टची चौकशी करायला आल्या होत्या.

“सगळंच काढा म्हणा मॅडम. पोरगी वाचली पाह्यजे.” आवाज मायेचा होता. “तसंही वांझेले ते ठेवून काय करायचं? हरिओमचं दुसरं पाह्याले आमी मोकळे.”

मी त्यांना समोरच्या हॉटेलात चहाला पाठवलं. आत येऊन भिंगाला डोळा लावला.

त्या रस्ता ओलांडेपर्यंत नळ्या जुळत गेल्या.

त्या परत येऊन बाकावर टेकल्या. नळ्या फुटल्या.

वैजनाथनंही पाहिलं. मग मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला.

त्या उंद्रीच्या एसटीनं गेल्यावर मी रिपोर्ट लिहिला. उजव्या अंडाशयाची गाठ, पेशी शिस्तीत. डावं काढण्याची गरज नाही. छापला. सही केली. छापलेला कागद कोणाच्या बसण्यानं बदलत नाही.

टाके काढून झाल्यावर समीक्षा स्वतः रिपोर्ट घ्यायला आली. सासू सोबत होती. दोघी बाकावर बसल्या, रुक्मिणीबाई सुनेच्या उजव्या हाताला.

“म्हंजे मले लेकरू होईन, मॅडम?” आवाज अजून जाडच होता.

“होऊ शकतं.”

तिनं पदरानं हनुवटी झाकली आणि हसली.

रुक्मिणीबाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. त्या रागावल्या नाहीत.

“बरं झालं माय,” त्या म्हणाल्या. “मंग राह्यलेलं कोन्या बाजूले हाय, मॅडम?”

मी पावतीचं पुस्तक ओढलं.

“डाव्या,” समीक्षाच म्हणाली. आनंदानं.

रुक्मिणीबाई उठल्या. सुनेला हळूच थोडं सरकवलं आणि तिच्या डाव्या बाजूला, अंगाला अंग लावून बसल्या.