मुक्या घरातला दगड

दादाला घरी आणायला मी दुपारीच जेवून निघालो. आम्हा कुणब्यांत माणूस बाहेर मेला, तर तो पडला तिथला दगड धुतल्या फडक्यात बांधून आणतात. मागं बघायचं नाही. मग तो घरातल्या पूर्वजांत बसतो. नाही आणला, तर तिथंच उभा राहतो.

दादा, येसू, मुक्या घराची राखण करायचा. घाटात आगगाडी आली, तिच्यामागून सागवानाचे साहेब आले, आणि त्यांनी सुप्याच्या वाटेवर हे बिनखिडक्यांचं घर बांधलं. स्वतःला मेसन म्हणवत, म्हणजे दगड घडवणारे गवंडी. आत सगळे एकमेकांचे भाऊ. माझा भाऊ मात्र उपसलेली तलवार धरून बाहेर. आतली जमीन त्यानं कधी पाहिली नाही.

बैठकीच्या संध्याकाळी त्याला ताप चढला. त्यानं दार ठोकलं.

"मग?" मी तिथल्या खानसाम्याला, झिलूला विचारलं.

"आतनं तशीच टकटक आली. रिवाज हाय त्यांचा. भायरच्यानं ठोकलं की आतल्यानं ठोकायचं. येसूनं परत ठोकलं... आतनं परत तसंच."

"आणि दार?"

"बैठक सरल्याबिगर उघडत न्हाईत रे."

उघडलं तेव्हा दादा पायरीवर थंड झाला होता. शिस्तीचा गडी होता, असं मोठा साहेब म्हणाला म्हणे.

पायरी अखंड चिऱ्याची. भोवती झाडून काढलेली लाल माती, सुटा खडासुद्धा नाही.

"गावकाराला इचारून ये," झिलू म्हणाला. "काय तरी तोड असंल."

मी कशाला थांबतोय! त्याच्या हातातली किल्ली ओढून कुलूप काढलं. आत भरदुपारी काळोख. मेणाचा, ओल्या चामड्याचा, चिरुटाचा वास. मेजावर दोन दगड मांडलेले, एक घडीव, एक अनघड. जित्या माणसाला आत घेतलं नाही काय? मग तुमच्यातलाच नेतो! अनघड दगड मी फडक्यात बांधला.

"परशू, नको... त्यो त्यांचा हाय..."

"दादा, घरला चल," मी म्हणालो.

टक... टक... टक.

दार सताड उघडं होतं. चौकटीत कुणी नव्हतं. झिलू पळत सुटला. मला वाटलं, दादानं ओ दिली. मी चौकट ओलांडून, मागं न बघता घराची वाट धरली. चढावर गाठोडं जड होत गेलं. रडू येत होतं, तरी बरं वाटत होतं.

आईनं दगड धुऊन पूर्वजांच्या कोपऱ्यात ठेवला आणि रिवाजाप्रमाणं जमिनीवर राख पसरली. सकाळी तिनंच हाक मारली.

"आला रे माझा पोर! पावलं उमटली." मग ती वाकून राखेवर बोटं फिरवू लागली. "परशू... ह्येच्या पायात काय रे?"

दादा जन्मभर अनवाणी चालला. राखेत नाल ठोकलेल्या बुटांचे ठसे होते.

मग दारावर ठोकलं ते कुणी? मी कुणाला ओलांडून आलो?

ठसे कोपऱ्यातून निघून आईच्या अंथरुणापाशी आले होते. परतीचा एकही नव्हता.