बारा मीटर चुनखडी

"अहो, तो थर माझा आहे!"

वळणावरून आलेल्या तरुणानं उगारलेला हातोडा खाली घेतला. "कधीपासून? दहा कोटी वर्षांपासून?"

जबल अख्दर डोंगराच्या घळीत रय्या आणि मुहन्नाची ओळख झाली ती अशी. दोघं दोन विद्यापीठांतून एकाच कड्यावर खडकांचे थर मोजायला आलेले. त्यानं डाव्या बाजूचे बारा मीटर घेतले, तिनं उजवी बाजू. 'अहो-जाहो' दोन दिवसांत गळून पडलं.

तीन आठवडे छान गेले... आणि आज ट्युनिसहून बुश्रा आली. संशोधक, हसरी आणि पाहुणी.

खडकाच्या सावलीत मुहन्ना तिला कहवा, ती कडक अरबी कॉफी, ओतत होता. एक पेला. तीन. पाच! रय्या कड्यावरून बघत होती. वहीत थर उतरवायचे होते, पण पेन्सिल कागदात रुतत होती. सहावा! असं काय बोलत होते दोघं?

थोड्या वेळानं तो वर आला. तिच्या वहीत डोकावला आणि थबकला.

"रय्या, हे काय? भेगाळलेला चिखल खाली नि शिंपले वर?"

"दिसलं तसं काढलं."

"खडकात शिंपले खाली आहेत. म्हणजे आधी उथळ पाणी होतं, मग समुद्र हटला नि तळ उन्हात तडकला. तुझ्या वहीत तो परत आलाय!"

तिनं पाहिलं. सगळ्यात जुना थर पानाच्या तळाशी काढायचा, हे पहिल्या वर्षाचं पोरही चुकत नाही. तिनं सुरुवात पानाच्या माथ्यापासून केली होती. कान तापले.

"येऊ दे समुद्र. तू जा, कहवा ओत."

"अगं, ती पेला हलवतच नाही! पाहुणी 'पुरे' म्हणून पेला हलवत नाही, तोवर मी थांबायचं कसं?"

"सांगायचंस तिला."

"सहाव्याला विचारलं शेवटी. तर म्हणते, यजमान ओततोय, नाही कसं म्हणू... बिचारीचे हात थरथरतायत!"

रय्याला हसायचं नव्हतं. हसली. मग पुन्हा गंभीर झाली. "तिच्याबरोबर काम करणार आहेस?"

"ती माझ्या जागी आलीय. मला परत जायचंय."

"म्हणजे?"

"माझी मोजणी मागच्या गुरुवारीच संपली." तो हातावरची चुनखडीची धूळ झटकत राहिला. "ते बारा मीटर मी तीनदा मोजलेत, रय्या. सर विचारतात, तिथं एवढं आहे काय? काय सांगू...?"

वारा घळीतून वर आला. रय्यानं वहीतलं पान फाडलं, नवं उघडलं आणि तळाशी पहिली रेघ ओढली.

"तुझं माप चुकलंय," ती म्हणाली.

"शक्य नाही. तिन्ही वेळा बारा—"

"चुकलंय म्हणते ना! सरांना कळव, निदान महिना लागेल." तिनं टेपचं टोक त्याच्या हातात दिलं, आणि बोटं तिथंच राहू दिली. "धर नीट."