फक्कीच्या रेषा

आधीच सांगते, हे मी कुठून उडत-उडत ऐकलेलं नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय. ज्यांना थापा वाटतील त्यांनी खुशाल पुढे जावं, माझं काही म्हणणं नाही.

आणि हो, अमावस्येची रात्र, कुत्र्यांचं रडणं असलं यात काही नाही. भर दुपार होती. ऊन रणरणत होतं. घर मावशीचं आणि जागा घरामागची, मोकळी.

त्या जागेत मावशीचा जीव अडकलेला.

ती आणि काका रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर चहा घेऊन बसायचे आणि बाग आखायचे. नुसती तोंडाने! स्वयंपाकघराच्या दारापासून भिंतीपर्यंत सरळ वाट. दोन्हीकडे हिरवळ. भिंतीशी झाड होतं, त्याच्याखाली बाक. "तुझी बाग मीच करून देणार," काका म्हणायचे. वर्षं गेली, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

मग एका सकाळी काका उठलेच नाहीत.

मावशी पार खचली. मूलबाळ नाही, घर खायला उठायचं. काही महिन्यांनी काकांचा फोन चाळताना तिला एक नंबर दिसला. नाव होतं 'बागवाले'.

तिने लगेच मला फोन लावला. रडत होती आणि हसतही होती. "बघ गं, माणूससुद्धा हेरून ठेवला होता ह्यांनी! जाता जाता माझं काम करून गेले."

बाग करायची, हे त्याच दिवशी ठरलं. त्या दोघांचं असं तेवढंच तर उरलं होतं.

बागवाले आले. कामाचा पक्का माणूस. गळ्यात मोजायची टेप आणि हातात बुडाला भोकं पाडलेला डबा. डब्यात फक्की, म्हणजे चुन्याची पांढरी पूड. डबा तळहाताने ठोकत चालायचं, की मागे रेघ उमटते.

ठक. ठक. ठक.

मावशीने सांगितलं तशी सगळी बाग त्यांनी जमिनीवर काढून दिली. "आता काकू, उद्या दिवसभर या रेषांवरून चाला," ते म्हणाले. "वाट पायांना पटली पाहिजे. नाही पटली तर पुसू, पटली तर परवा खणू. माझी रीतच आहे."

दुसऱ्या दिवशी मावशी चालली. दारापासून भिंतीपर्यंत आणि परत. बाकाच्या चौकोनात जाऊन उभीसुद्धा राहिली. दुपारी समाधानाने जरा पडली.

डोळा लागतो न लागतो तोच...

ठक...

ठक... ठक...

'आले वाटतं बागवाले,' तिला वाटलं. उठून मागच्या दाराशी गेली.

कोणी नव्हतं.

पण रेषा बदलल्या होत्या.

सरळ वाट गायब. तिच्या जागी एक वळणावळणाची वाट. मधोमध काजूच्या आकाराचं तळं. तळ्याकाठी दोघांपुरता चौथरा. मावशीला वाटलं, बागवाल्यांनीच हे केलं. चरफडली, पण म्हटलं उद्या सकाळी बोलू.

सकाळी ती अंघोळीला गेली आणि मजूर आले. फक्की दिसेल तिथे पहार मारायची, एवढंच त्यांना ठाऊक. ती बाहेर येईपर्यंत तळ्याचा अर्धा खड्डा तयार!

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?" मावशी ओरडली.

तेवढ्यात बागवाले पोचले. "अहो काकू, तुम्हीच बदललंत ना? गिऱ्हाईकं बदलतात नेहमी, म्हणून मी..."

आणि बोलता बोलता ते थांबले. रेषा बघत राहिले. वाटेवरून चालत टोकापर्यंत गेले, परत आले. चेहरा उतरला होता.

"काकू... ही आखणी माझी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे अशी बाग मी केली आहे. दुसऱ्या एका घरी. अगदी अशीच."

मावशीने त्यांना पाणी प्यायला घरात बोलावलं. तोवर ते कधी उंबऱ्याच्या आत आले नव्हते. पेला तोंडाला लावला आणि समोरच्या भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे लक्ष गेलं.

पेला तसाच खाली आला.

"हे साहेब... तुमचे कोण?"

मावशी म्हणते, त्या प्रश्नातच तिला सगळं कळलं. पायाखालची जमीन सरकणं काय असतं ते त्या दिवशी समजलं. ती एकच वाक्य बोलली. "मला त्या घरी घेऊन चला."

घर फार लांब नव्हतं. रिक्षाने गेले ते लगेच पोचले. इतकी वर्षं हिचा नवरा एवढ्याशा अंतरावर बाग फुलवत होता!

दार एका बाईने उघडलं. मावशीच्याच वयाची, साधी, चष्मा कपाळावर चढवलेला. मावशीने काकांचं नाव घेतलं आणि ते गेल्याचं सांगितलं. बाई दाराला धरून खालीच बसली आणि रडायला लागली. तिला कोणी कळवलंच नव्हतं. कळवणार तरी कोण?

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "तुम्ही त्यांच्या बहीण का?"

"बायको."

बाईने वर बघितलं. रडणं थांबलं.

"असं कसं? त्यांची बायको तर... केव्हाच वारली."

आणि मग ती हळूच मावशीच्या पायांकडे बघायला लागली.

आता सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? नवऱ्याने जिवंतपणी मारून ठेवलेलं! मावशी कसंबसं म्हणाली, "नीट बघा हो, सरळच आहेत पाय. मी आहे. मी रोज त्यांचा डबा भरत होते."



मग ती बाई उठली आणि मावशीला मागे घेऊन गेली. वळणाची वाट, काजूचं तळं, चौथरा. सगळं तसंच. पण त्या सगळ्यावरून, हिरवळीवरून, फुलांवरून, थेट तळ्याच्या काठावरून...

फक्कीच्या पांढऱ्या रेषा.

एक सरळ वाट. घराच्या दारापासून भिंतीपर्यंत. शेवटी बाकाचा चौकोन.

मावशीची बाग.

"रोज दुपारी उमटते," बाई म्हणाली. "पाणी मारते, पुन्हा उमटते. मला वाटलं, कोणीतरी मला त्रास देतंय."

बागवाल्यांनी हात जोडले आणि ते सरळ फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

इकडे असताना तिकडची बाग, तिकडे असताना इकडची. मावशीचं भय त्या क्षणी कुठल्या कुठे गेलं. उरला तो नुसता संताप. "सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही," ती म्हणाली.

तेव्हाच...

ठक...

तळ्याच्या पलीकडे.

ठक... ठक...

डबा दिसत नव्हता. हात दिसत नव्हता. नुसती रेघ पुढे सरकत होती.

मावशीने जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला अरेतुरे केलं. "अरे, किती फसवशील? मेलास तरी फसवतोसच? आज दोघी समोर उभ्या आहोत. सांग, खरी बाग कुठली?"

आवाज थांबला.

पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं.

दोघी वाट बघत राहिल्या. मावशी सांगते, त्या वेळी तिला अजूनही वाटत होतं, की तो आपलंच नाव घेईल.

मग फाटकाची कडी वाजली. फाटक आपोआप उघडलं आणि हळूच लागलं. बाहेर बागवाले उभे होते. त्यांच्या शेजारून कोणीही गेलं नाही, असं ते शपथेवर सांगतात.

उत्तर न देता निघून गेले. काका असेच होते म्हणा.

मावशीने काम बंद केलं, खड्डा बुजवला. रेषा पुन्हा उमटल्या नाहीत, ना इथे ना तिथे. मागे आता नुसती माती आहे. मला वाटलं, संपलं.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे राहायला गेले. सकाळी उठून बघते तर मावशी गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. फरशीवर पावलं होती. पांढरी. अनवाणी पुरुषाची पावलं, खोलीतून निघून मागच्या दाराबाहेर जाणारी.

"रोजचंच आहे," ती म्हणाली. "जातानाचीच असतात. येतानाची कधी दिसली नाहीत."

मी त्या पावलांचा उलट्या दिशेने माग काढत गेले. ती मावशीच्या पलंगापासून सुरू होत होती. काकांच्या बाजूने.

म्हणजे रात्रभर ते कुठे असतात, हे मी मावशीला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

"हे घर सोड, माझ्याकडे चल," एवढंच म्हटलं. तिने फडकं पिळलं आणि मान हलवली.

ती अजून पलंगाच्या एकाच कडेला झोपते.