बिनसेलचा कंट्रोलर

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात त्या ऑफिसात काम कमी आणि चहा जास्त चालायचा. कंपनी व्हिडिओ गेम बनवणारी, आणि त्यातली ही खोली टेस्टरांची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्यांची. कुणाचा घोडा हवेत चालतो, कुणी भिंतीतून आरपार जातो, मेलेला सैनिक उठून पाणी पितो, असल्या चुका. त्या पकडण्यात खोलीतल्या एकीचा हात धरणारं कुणी नव्हतं. गेममध्ये किडा, म्हणजे बग, दिसला की हिने गट्टम केलाच, म्हणून खोलीत सगळे तिला ‘पाल’ म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता. भिंतीला चिकटून गप्प नजर ठेवायची, हेच तर तिचं काम होतं.

खोलीचा एक रिवाज होता. सुट्टी लागण्याआधी प्रत्येकाने वर्षभरात खेळलेल्या गेमपैकी आपला सगळ्यात लाडका सांगायचा, आणि तो बाकीच्यांनी सुट्टीत घरी खेळायचा. आवडो न आवडो. परत आल्यावर त्याच्यावर यथेच्छ तोंडसुख घ्यायची मुभा होती.

साहेबांनी ड्रॅगनवाला सांगितला. शेजारच्या टेबलावरच्या चष्मिसने जहाजांच्या लढाईचा सांगितला. “त्यातलं पाणी इतकं खरं आहे, मला सर्दी झाली खेळून,” तो म्हणाला. मग सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“टपालगाडी,” ती म्हणाली.

खोलीत हशा पिकला.

“तू तपासलेला तो धुक्यातला? अगं, त्यात आहे काय? बंदूक नाही, शत्रू नाही, कुणी एक शब्द बोलत नाही!”

“गाडी चालवायची. घरोघरी टपाल पोचवायचं.”

“आणि मग?”

“मग घरी यायचं.”

“पाल म्हातारी झाली,” साहेब म्हणाले.

“हसा लेको. पण खेळायचा सगळ्यांनी, रिवाज आहे.” तिने कप विसळला आणि पिशवी उचलली. तो गेम लाडका का, हे तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खोलीचा दुसरा नियम आडवा आला असता.

तो नियम असा, की चूक एकदा दिसली म्हणजे ती चूक ठरत नाही. ती पुन्हा घडवून दाखवायची, आणि तीही दुसऱ्याच्या मशीनवर. नाही घडली तर ‘पुन्हा घडत नाही’ असा शेरा मारायचा आणि विषय मिटवायचा. या नियमावर तिची उभी हयात गेली होती. उन्हाळ्यात जे घडलं त्यावरही तिने शेवटी हाच शेरा मारला होता, मनातल्या मनात.

तिची आई बेकरीची गाडी चालवायची. वडील लवकर गेले. धाकटा भाऊ पाळण्यातला, तो शेजारणीकडे राहायचा, आणि ही आईच्या बाजूच्या सीटवर. गप्प बसणारं पोर नव्हतं ते. एक दिवस आईने घरातून पातेल्याचं झाकण आणलं आणि तिच्या हातात दिलं. “हे तुझं स्टिअरिंग. मी दमलेय गं, आज तूच चालव.” पुढचं वळण आलं की आई आधीच सांगायची, “आता डावीकडे घे हं, चिंगे.” चिंगी झाकण डावीकडे फिरवायची आणि गाडी खरोखर डावीकडे वळायची. कितीतरी वर्षं तिची पक्की समजूत होती, की ही गाडी आपणच चालवतो. दुकानादुकानांत पाव टाकत ती सगळं गाव फिरायची. खिडकीतून हात बाहेर गेला की आई ओरडायची, “चिंगे, हात आत घे!” शेवटचं दुकान झालं की झाडाखाली गाडी लावून आई पाय ताणायची आणि म्हणायची, “पाव संपले, आता कसली घाई.” मग उरलेला एखादा गोड बन दोघी अर्धा अर्धा खायच्या.

त्या आईला या उन्हाळ्यात स्वैपाकघरातून न्हाणीघराचा रस्ता सापडत नव्हता. मुलगा थोडा ओळखू यायचा, कधी नवरा म्हणून, कधी बेकरीचा मालक म्हणून. मुलीला मात्र ती ‘बाई’ म्हणायची.

“बाई, किती करता हो तुम्ही माझं,” ती म्हणायची. “नशीबवान आहे तुमची आई.”

हिने हसून “हो ना” म्हणायचं आणि स्वैपाकघरात जाऊन नळ सोडायचा. आईला सगळं विसरू दे, औषधाची वेळ, नवऱ्याचं नाव, खाल्लेलं जेवण. फक्त एकदा, एकदाच, तिने ‘चिंगे’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. त्या एका हाकेसाठी ती जीव टाकत होती.

भावाचं म्हणणं वेगळं होतं, आणि तो काही वाईट नव्हता. “ताई, आई परवा भर रस्त्यात उभी होती. गाड्यांना हात करून वाट देत होती. एखाद दिवशी काही झालं तर? त्या वृद्धाश्रमात नर्स आहे, बाग आहे. पुढच्या महिन्यात एक खोली रिकामी होतेय.”

“तिथे ती मला पुरती विसरेल.”

“आत्ता कुठे आठवतेय?” तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं.

टपालगाडी तिने त्याच आठवड्यात रविवारी घरी लावला. डोक्याला ताप नको म्हणून. धुक्यातलं एक बेट, त्यावर एक जुनी गाडी, आणि खेळणारा एकच. आई शेजारी बसून बघत होती. बघता बघता तिने दोन्ही हात पुढे केले, बाळ चेंडूसाठी करतं तसे. घरात जुना दुसरा कंट्रोलर होता. त्यातले सेल भिंतीवरच्या घड्याळाला गेले होते. हिने तोच आईच्या हातात ठेवला.

“हे तुमचं स्टिअरिंग. मी दमलेय, आज तुम्हीच चालवा.”

बोलून झाल्यावर तिला कळलं, हे वाक्य कुणाचं आहे ते.

थोड्या वेळाने आई म्हणाली, “आता डावीकडे घेते हं.” हिला सरळ जायचं होतं. गाडी डावीकडे वळली.

तिने आपला कंट्रोलर उलटसुलट करून पाहिला. चष्मिसला फोन केला. “स्टिक ढिली झाली असेल,” तो म्हणाला. “आपोआप एका बाजूला ओढते. नेहमीचंच आहे.” ते बरोबर होतं. तिने स्टिक साफ केली, आणि खात्री म्हणून आपल्या कंट्रोलरचे सेल काढून तो सरळ स्वैपाकघरातल्या खणात ठेवून आली.

बाहेर आली तर गाडी चाललेलीच होती. आई पुढे झुकली होती, जिभेचं टोक दातांत धरून. आरसा बघावा तशी मधूनच डोळे वर करत होती. वळणाआधी गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला. या गेममध्ये वळायचा दिवा देण्याची सोयच नव्हती, हे तिला टेस्टर म्हणून नक्की माहीत होतं.

तिने आईच्या हातातला कंट्रोलर हळूच घेऊन मागचं झाकण उघडलं. आत रिकामं. स्प्रिंगला हिरवट गंज चढलेला. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली होती. तिने स्वतः स्टिक फिरवून पाहिली, काही नाही. आईच्या हातात दिला, गाडी हलली.

पुढच्या रविवारी तिने भावाला बोलावलं. त्याने तो कंट्रोलर हातात घेऊन सगळी बटणं दाबली, गाडी ढिम्म. आईने घेतला, गाडी निघाली.

“तूच काहीतरी करून ठेवलंयस, ताई. तुझा धंदाच आहे हा,” तो म्हणाला. पण उठला नाही. संध्याकाळपर्यंत आईच्या दुसऱ्या बाजूला बसून राहिला. निघताना चपला घालता घालता म्हणाला, “आई मला बेल्ट लाव म्हणाली. खोलीचं… खोलीचं बघू पुढे.”

नियमाप्रमाणे आता दुसऱ्या मशीनवर करून बघायला हवं होतं. ऑफिसातलं मशीन घरी आणणं अवघड नव्हतं. तिने आणलं नाही. खरं सांगायचं तर तिला काहीच सिद्ध करायचं नव्हतं. आई खुशीत होती, दोन घास जास्त जेवत होती आणि रस्त्यावर जाऊन उभी राहत नव्हती. आंधळा मागतो एक डोळा, तसं तिचं झालं होतं. फक्त तिचा दुसरा डोळा अजून यायचा होता.

बेटाच्या टोकाला एक पूल होता. पुलावर आडव्या फळ्या ठोकलेल्या होत्या आणि तिथे गेम संपायचा. पलीकडे बनवणाऱ्यांनी काही काढलेलंच नव्हतं. तिने त्या फळ्यांना हरतऱ्हेने धडका देऊन पाहिल्या होत्या, सवयीने.

मग एका दुपारी, बाहेर लख्ख ऊन होतं. आईने गाडी पुलाकडे घेतली.

“रस्ता बंद आहे तिकडे,” लेक म्हणाली.

“माझा रोजचा रस्ता आहे, बाई.”

फळ्या नव्हत्या. गाडी पुलावर चढली, पूल ओलांडून पलीकडे उतरली. तिथे धुकं होतं, थोडा रस्ता होता, आणि एक झाड.

गाडी झाडाखाली थांबली. इंजिन चालू. बाजूच्या सीटचं दार उघडलं.

आईने इकडेतिकडे पाहिलं. “चिंगी कुठंय?”

“आई, मी इथेच आहे. मीच चिंगी.”

आईने तिच्याकडे निरखून पाहिलं. गालावरून हात फिरवला, अगदी हळुवार.

“तुम्ही नाही हो,” ती समजूत घालत म्हणाली. “तुम्ही केवढ्या मोठ्या. माझी एवढीशी आहे.”

“थांब हं. दाखवते तुला. एक मिनिट थांब.”

“थांबलेच आहे,” आई म्हणाली.

ती स्वैपाकघरात धावली. ते झाकण अजून होतं, कडेला चेपलेलं, भिंतीवरच्या खिळ्याला. ते दोन्ही हातांत धरून, वळवत, हसत ती बाहेर आली.

आईचे डोळे टीव्हीकडे होते, पण पापणी लवत नव्हती. हात कंट्रोलरवर होते.

तिने झाकण आईसमोर धरलं. मग खाली ठेवलं.

पडद्यावर गाडी तशीच उभी होती, दार उघडं. भाऊ आला, शेजारी आले. त्या गडबडीत कुणीतरी टीव्ही बंद केला.

नंतर महिनाभर ती रोज ऑफिसातून येऊन तो गेम लावत होती. गाडी पहिल्यासारखी बेटावरच्या घराच्या अंगणात उभी असे. बिनसेलचा कंट्रोलर हातात धरून ती बसून राही, मांडीवर झाकण घेऊन. गाडी तसूभरही हलत नसे. आपल्या कंट्रोलरने पुलापर्यंत नेली, तर तिथे फळ्या जशाच्या तशा होत्या. शेवटी तिने शेरा मारला, ‘पुन्हा घडत नाही’. सगळ्यात जास्त तिला हे खात होतं, की ती एक मिनिट उशिरा पोचली.

आणि तरी वर्षाचा लाडका गेम कोणता, असं विचारल्यावर दुसरं नाव तिच्या तोंडात येईना.

सुट्टी संपली. पहिल्या दिवशी सगळे चहाला जमले, आणि ड्रॅगनवरून साहेबांची यथेच्छ टिंगल झाली. ती आपली पाळी यायची वाट बघत मनाची तयारी करून बसली होती. पण टपालगाडीवर कुणी हसेना.

“गेम चांगला आहे,” साहेब म्हणाले. “पण अडकतो. पुलापलीकडे गेल्यावर गाडी झाडाखाली उभी राहते ती राहतेच. तू ही चूक कशी सोडलीस?”

तिने कप खाली ठेवला. “पुलापलीकडे?”

“माझ्याकडेही तिथेच अडकलाय,” चष्मिस म्हणाला. “बाजूचं दार उघडं राहतं ना, त्याच्यामुळे. मी म्हटलं, दार लावून बघावं. तर ती चालवणारी बाई माझ्याकडे वळून म्हणते, ‘तुम्ही नाही हो.’ मी उडालोच. म्हटलं, यात आवाज कधीपासून आले?”

“माझ्याकडे म्हणते, चिंगी यायचीय अजून,” साहेब म्हणाले. “कोण चिंगी? आख्ख्या गेममध्ये त्या नावाचं कुणी नाही.”

ऑफिसात तिचं ते नाव एकालाही ठाऊक नव्हतं.

“काय करायचं मग?” चष्मिसने विचारलं. “गाडी पुढे कशी न्यायची?”

तिच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती हसत होती. “काही करू नका. थांबू दे तिला.”

“किती वेळ?”

“येईन मी… येईल ती. आज ना उद्या.”

“तीही तसंच म्हणते,” चष्मिस म्हणाला. त्याने चष्मा काढून पुसला. “तेच मला कळत नाही. गाडी टपालाची आहे ना? मग ती सारखी असं का म्हणते, ‘पाव संपले, आता कसली घाई’?”