कुलूप घातलेल्या बारा फ्लॉप्या

नालुबोवाबाई कचेरीत आल्या तेव्हा मुगोया चपातीत गुंडाळलेलं अंडं खात होता. बाईंनी टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. आत बारा जुन्या फ्लॉप्या होत्या, सगळ्या रिकाम्या.

"माझ्या नवऱ्याच्या," त्या म्हणाल्या. "तो मार्चमध्ये गेला, आता ह्याही गेल्या. मला काही वाटतच नाही, रडूही येत नाही."

गुप्तहेर नाबविरेने डबा जवळ ओढला. मुगोया तिचा मदतनीस, अंगाने दांडगा आणि डोक्याने जरा सावकाश.

हकिगत अशी होती. कम्पालात इंटरनेट नव्हतं तेव्हा बाईंचा नवरा काग्वा कचेऱ्या-कचेऱ्या हिंडून प्रोग्रॅमचे उपयोगी तुकडे गोळा करायचा आणि गरजूंना वाटायचा. ते सांभाळायला त्याने 'झोळी' नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. नियम एकच, प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव. आता अकेलो नावाच्या तरुणीने झोळी पुन्हा जिवंत केली होती आणि शनिवारी ह्या फ्लॉप्यांवरचे सगळे तुकडे जगाला खुले व्हायचे होते. बुधवारी संध्याकाळी फ्लॉप्या कोऱ्या निघाल्या.

त्या दिवशी घरात बाईंखेरीज तिघं होती. मुलगी तेंडो सकाळीच आईशी भांडली होती की बाबांना हा डबा माझ्यापेक्षा प्यारा होता. संध्याकाळी बाईंनी तिला घराबाहेर काढलं.

"तिने केलं असेल तर ती मला मेली," बाई म्हणाल्या. "नसेल, तर मी काय केलं ते मला कळायला हवं."

तेंडो मैत्रिणीकडे सापडली. "मी असते तर डबा केळ्याच्या सालींबरोबर पेटवला असता," ती म्हणाली. "एकेक पुसत कोण बसेल?"

अकेलोने फ्लॉपी उलटी धरली. तिचं सारं काम नव्या यंत्रावर चालायचं. कोपऱ्यातली खिटी कशाला असते, असं तिने विचारलं. नाबविरेने सांगितलं की खिटी सरकवून भोक उघडं केलं की फ्लॉपीला कुलूप बसतं, मग तिच्यावर लिहिताही येत नाही आणि पुसताही येत नाही. मुगोयाने वहीत टिपलं की बाराही भोकं उघडी आहेत. पुढे काय लिहावं ते त्याला सुचेना.

तिसरा लुवाग्गा, काग्वाचा जुना दोस्त. तारखांचं गणित सोडवणारा त्याचा तुकडा देशभर त्याच्याच नावाने शिकवला जाई. बुधवारी दुपारभर तो जुनं यंत्र तपासत एकटा बसला होता.

"पोरीने लोहचुंबक फिरवला असणार, न्याबो," तो नाबविरेला आदराने म्हणाला. बोलता बोलता त्याच्या अंगठ्याने हातातल्या फ्लॉपीची खिटी चाचपली.

शुक्रवारी सगळे बाईंच्या दिवाणखान्यात जमले. तेंडो आली नाही. नाबविरेने एक फ्लॉपी यंत्रात घातली. ती बिनतक्रार उघडली, फक्त आत काही नव्हतं.

"चुंबक फिरला असता तर यंत्राला ही वाचताच आली नसती," ती म्हणाली. "म्हणजे कुणीतरी बसून पुसलंय. पण कुलूप असताना पुसता येत नाही. आधी ते काढलं, पुसलं, आणि परत लावलं. रिकाम्या घराला कुलूप कोण लावतं, मुगोया?"

मुगोयाने वही उलटून पाहिली.

"ज्याच्या अंगठ्याला तीस वर्षांची सवय आहे तो. अकेलोला खिटी म्हणजे काय ते ठाऊक नाही, तेंडोला पुसत बसायचा धीर नाही. लुवाग्गा, तारखांच्या तुकड्याच्या पहिल्या ओळीत कुणाचं नाव होतं?"

"काग्वाचं," लुवाग्गा हळूच म्हणाला.

"आणि शनिवारी ते जगाला दिसलं असतं. पण तुम्हीही गोळा करणारे. नक्कल ठेवल्याशिवाय तुमच्या हाताने काही पुसलं जाणार नाही."

लुवाग्गाने पिशवीतून नकलेच्या बारा फ्लॉप्या काढून टेबलावर ठेवल्या. अकेलो रडायला लागली. नालुबोवाबाईंनी फ्लॉप्यांकडे पाहिलंही नाही. त्यांनी मुलीला फोन लावला. खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं.

"सापडल्या का?" तेंडोने विचारलं.

"हो. ते तू केलं नव्हतंस."

"ते मला ठाऊकच होतं, आई. तुला कळायला बाहेरची बाई लागली."

फोन बंद झाला. बाई तो कानाला धरून तशाच बसून राहिल्या. मुगोयाला वाटलं, आता तरी त्या रडतील.