धाकट्याची उडी

"इमानातनं उडी मारनार? म्हंजे... इमान वर असताना?"

शेवंताबाईंच्या हातावरची भाकरी तव्यावर पडायची, ती तशीच हातावर राहिली. दौलत हसला. खाकी पँट, अंगात बनियन, मिलिटरीत कापतात तसे बारीक केस. भिंतीला टेकून पाय पसरून तो असा बसला होता की जणू खोली त्याचीच.

"वर असतानाच गं आये. खाली असताना उडी कशाला? उतरूनच येईन की!"

मालन, थोरल्या भावाची बायको, पदर तोंडाला लावून फिसकन हसली. दारात उभा असलेला शेजारचा दगडू मोठ्याने हसला. चूल, मोरी, कपड्यांची दोरी, बुद्धाची तसबीर, सगळी खोलीच हसल्यासारखी झाली... हसला नाही तो फक्त गुणाजी.

थोरला गुणाजी. घरातला कर्ता. आज रविवार, मिल बंद, म्हणून घरी. नाहीतर आत्ता तो सूतखात्यात कापसाच्या धुरळ्यात उभा राहून तुटलेले धागे सांधत असता आणि त्याची आठवणसुद्धा कुणाला झाली नसती!

दौलत दोन वर्षं पलटणीत होता. सुट्टीवर आला होता, येताना हिंदमात्याच्या कापडबाजारातनं आईला हिरवं लुगडं आणि वहिनीला खण घेऊन आला होता. आईने ते लुगडं दोनदा उलगडून चाळीतल्या बायकांना दाखवलं आणि आज तेच नेसली होती. मागच्या दिवाळीला गुणाजीने आणलेलं लुगडं तिने मुकाट्याने ट्रंकेत ठेवलं होतं. असल्या गोष्टी पुरुषाने मोजायच्या नसतात... पण गुणाजी मोजायचा. मनातल्या मनात, रोज.

"पाठीला छत्री बांधलेली असते," दौलत सांगत होता. "पॅराशूट म्हणतात. उडी मारली की दोर आपोआप ओढला जातो, छत्री उघडते आणि माणूस कापसासारखा तरंगत खाली येतो. छत्रीवाल्यांच्या तुकडीसाठी नावं मागितलीत. मला जायचंय."

"आन् न्हाई उघडली तर?"

दौलत मग पाय जवळ घेऊन नीट बसला.

"खोटं नाही सांगत आये. तिथे ज्यांनी उड्या मारल्यात त्यांना मी विचारलं. कुणाचा पाय मोडतो. वारा असला तर खाली आल्यावर फरफटत नेतो. कधी... कधी एखादा जातो पण. फार नाही, पण जातो. म्हणून तर विचारायला आलोय. साहेब म्हणाले, घरी मोकळेपणाने बोलून या. ज्याच्या घरी रडारड आहे त्याने पुढे येऊ नये. विमानाच्या दारात उभं राहिल्यावर घर आठवलं की पाय उचलत नाही म्हणे."

आईने भाकरी परातीत ठेवून दिली. आणि ती दौलतकडे अशी बघत होती... अशी, की जणू तो आत्ताच पडतोय आणि तिला नुसत्या नजरेने त्याला झेलायचंय!

ती नजर गुणाजीच्या काळजात सळईसारखी घुसली.

ती नजर त्याच्या ओळखीची होती. छप्पन साली मुंबईसाठी रस्ते पेटले होते, लालबाग-परळला गोळ्या चालत होत्या, तेव्हा शाळकरी दौलत कुणाला न सांगता मोर्चात गेला. आईने छाती बडवून घेतली. "गुणा, जा रं... माज्या लेकराला शोधून आन!" गुणाजी गेला. कर्फ्यूत, भिंतीला चिकटून, पोलिसांच्या शिट्ट्या ऐकत गेला आणि भोईवाड्याच्या गल्लीतनं धाकट्याला मानगुटीला धरून घेऊन आला. आईने दौलतचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कपाळ चाचपलं, पाठ चाचपली, रडली... आणि गुणाजीला काय म्हणाली? म्हणाली, "दार लावून घे."

दार लावून घे! त्यालाही गोळी लागू शकली असती, हे त्या माउलीच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

आणि पलटण? ती तरी कुणाची होती? बाप लढाईला जाऊन आलेला. त्याच्याच पलटणीत जायचं म्हणून अठराव्या वर्षी गुणाजी भरतीत पास झाला होता. छाती मोजून झाली होती. तेवढ्यात बाप खोकून खोकून गेला, आणि मिसरूड न फुटलेला हा पोरगा आपणहून म्हणाला, "मी मिलमध्ये जातो आये. दौलतला शिकू दे." कुणी बळजबरी केली नव्हती. कुणी नको रे असंही म्हटलं नव्हतं. सूतखात्यात लागला तो तिथेच राहिला. कापड विणायच्या साच्यावर जास्त मिळतं, पण साच्यावर धागा तोंडाने ओढावा लागतो, तो आपल्या जातीच्या माणसाच्या तोंडाला लागलेला चालत नाही म्हणून तिकडे आपल्याला उभं करत नाहीत. पलटणीत दौलतला असलं कुणी काही विचारत नव्हतं. आता तर तो थेट आभाळात जाणार होता. आणि आपण? आपण धुरळ्यात.

जळत होता गुणाजी. आतून, धूर न काढता जळत होता.

"कापड कसलं असतं रे त्या छत्रीचं?" त्याने अगदी सहज विचारलं.

"नायलॉन म्हणतात. पातळ असतं. का रे दादा?"

"म्हणजे शेवटी धागाच ना?"

"धागाच."

"मग ऐक आये," गुणाजी आईकडे वळला. आवाज एकदम गार. "मी रोज धाग्यासमोर उभा असतो. धागा तुटतो तो सांगून तुटत नाही. चांगला चालू असतो, अन् पट्कन जातो. दिवसाला किती तुटतात त्याचा हिशोब नाही. पण मी सांधतो, कारण मी जमिनीवर उभा असतो. वर आभाळात कोण सांधणार?"

दगडू दारातनं हळूच सटकला.

आई उठली. पिठाच्या हातानेच तिने दौलतचं मनगट पकडलं.

"न्हाई. न्हाई जायाचं! माजी शपथ हाय तुला. दादा बोलतोय तुजा, त्याला ठाऊक हाय धाग्यातलं. छत्री नगं न् बित्री नगं... माजं मढं बघशील!"

"आये, ऐक तरी..."

"न्हाई म्हनले ना!"

दौलतचा चेहरा पडला. आणि गुणाजीच्या पोटात काहीतरी गार, गोड सरकलं. जिंकला! त्याला पक्कं माहीत होतं की मिलचं कच्चं सूत वेगळं आणि ते तपासून तपासून घेतलेलं कापड वेगळं. सगळं माहीत असून तो बोलला होता. मालन मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती. बायकोला नवऱ्याचा आवाज कळतो.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आज लई मोठं काम केलंत."

टोमणा होता. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

जेवणं झाली. कुणी धड जेवलं नाही. गुणाजी बाहेर गॅलरीत येऊन विडी ओढत उभा राहिला, तर मागून दौलत आला आणि शेजारी कठड्याला टेकला. गुणाजीने मनात कंबर कसली. आता भांडेल. भांडू दे!

"दादा, जाऊ दे. मी नाव नाही देत."

गुणाजीने विडीची राख झटकली.

"तू सांगितलंस म्हणजे बरोबरच असणार. तुझ्याइतकं धाग्यातलं कुणाला कळतं? मला आपलं वाटलं होतं..." तो खाली चौकात बघत राहिला. "वेडेपणाच होता. हसशील."

"काय वाटलं होतं?"

"तुझी जागा आहे रे ती. पलटणीतली. पहिल्या दिवसापासून वाटतं मला. सकाळी परेडला उभा राहिलो की वाटतं, इथे दादा उभा असायचा, मी फुकटचा उभा आहे. म्हणून म्हटलं, जे तुझं नव्हतं, बाबांचंही नव्हतं, असं काहीतरी करावं. छत्रीवाल्यांत गेलो असतो तर निदान तुझ्या जागेवर बसल्यासारखं झालं नसतं..."

गुणाजीच्या हातातली विडी विझली. त्याला ते कळलंच नाही.

अरे देवा... इतकी वर्षं आपण ह्याच्यावर जळत होतो, आणि हा वेडा तिकडे रोज सकाळी आपल्या नावाने मान खाली घालून उभा राहत होता! आणि आपण काय केलं? त्याच्या डोळ्यादेखत आईच्या काळजात सुई खुपसली. आणि ते खोटं त्याने खरं मानलं. दादा बोलला म्हणून!

तो तसाच आत गेला.

"आये, मी खोटं बोललो."

आई जात्याशी बसली होती, दळत नव्हती. नुसती बसली होती.

"काय खोटं?"

"धाग्याचं. माझ्या मिलचं सूत आणि ते कापड एक नाही. त्याला तपासतात, ओढून बघतात, माणसाचं वजन लावून बघतात. धोका आहे, दौलतने सांगितला तेवढा आहे. मी वरचा माझ्या पदरचा घातला. आये... मी जळत होतो त्याच्यावर!"

असं बोलायला छाती लागते. पण आईने फक्त मान हलवली.

"आता धाकटा रुसला म्हनून तू त्याच्याकडनं बोलतुयास. मला कळतंय. धागा तुटतो. एकदा आयकलं ते आयकलं. माज्या डोळ्याम्होरं तेच दिसतंय, लेकरू पडताना..."

"नाही गं आये!"

"धागा त्यो धागाच!"

डोकं आपटावं असं झालं त्याला. एकदा पेरलेली भीती, ती आता उपटून निघेना. तो परत गॅलरीत आला. मागोमाग आईही आली, दौलतला आत बोलवायला.

खाली चौकात पोरं संध्याकाळच्या सभेची तयारी करत होती. समितीची सभा होती, मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे ह्या घोषणेचा फलक भिंतीला टेकवून ठेवला होता, आणि दगडू आणि आठ-दहा जण मोठी जाजम चारी बाजूंनी धरून झटकत होते. जाजम वर जात होती, फुगत होती, धूळ उडवत खाली येत होती. बरोबर त्यांच्या गॅलरीच्या खाली.

गुणाजीने एकदा जाजमीकडे बघितलं. एकदा आईकडे.

"आये, ही पण धाग्याचीच आहे."

आणि एक पाय कठड्यावर टाकला.

"दगडू! घट्ट धरा रे!"

"काय? ए गुण्या... ए येड्या! अरे ताणा, ताणा!"

"दादा!" दौलत झेपावला. हातात नुसती सदऱ्याची कड आली, तीही सुटली.

पहिलाच मजला. फार उंच नाही. पण आयुष्यात कधी एक पाऊल वाकडं न टाकलेला माणूस हवेत सुटला होता! आणि त्या क्षणी वरून एक किंकाळी आली... अशी किंकाळी की चाळीतली दारं धडाधड उघडली.

"गुणाऽऽ! माज्या गुणाऽऽ!"

जाजम दणकन ताणली गेली, खोल गेली, दगडूच्या हातातला कोपरा निसटला आणि गुणाजीचं कोपर फरशीवर आपटलं. पण जाजम फाटली नाही. तो धुळीत उताणा पडून खोकत होता, आणि भोवती सगळे ओरडत होते.

"जिवंत आहे का बघा!"

"सालं, समितीची जाजम आहे ती, तुझ्या बापाची नाही!" दगडू ओरडला आणि बोलता बोलता रडायलाच लागला.

शेवंताबाई जिन्यावरून कशा उतरल्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नसेल. पदर खांद्यावर नाही, पायात काही नाही. त्या आल्या आणि आधी त्यांनी थोरल्याच्या एक खाड्कन कानाखाली लावली. मग दुसरी. मग त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. कपाळ चाचपलं. पाठ चाचपली. कोपराचं रक्त बघितलं आणि लुगड्याचा काठ, त्या नव्या हिरव्या लुगड्याचा काठ, त्यावर दाबून धरला.

"का रं... का रं मुडद्या? तुला काय झालं असतं म्हंजे?"

"आये," गुणाजी म्हणाला. "तू... तू कधी माझ्यासाठी घाबरतच नव्हतीस."

तिचे हात थबकले.

"कोन म्हनलं?"

"मला दिसतं ना. मी मिलमध्ये जातो, येतो. छप्पन साली गोळीत पाठवलंस..."

"गप!" ती ओरडली. मग तिचा आवाज एकदम खाली आला, इतका खाली की फक्त त्याला आणि वाकून उभ्या असलेल्या दौलतला ऐकू जावा. "तुजा बाप गेला न् तू म्हनलास मी मिलमधी जातो, तवा तुज्या तोंडाकडं बघितलं असतं ना मी, तर तुला जाऊच दिलं नसतं. पलटनीत धाडलं असतं तुला. मग ह्या पोरानं काय खाल्लं असतं? म्हनून न्हाई बघितलं. आन् एकदा न्हाई बघितलं की मग... मग बघायची भीतीच वाटती रं. तुजा हक मारून बसले मी. कुटल्या तोंडानं बघू तुज्याकडं?"

गुणाजी लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. तिशीच्या उंबऱ्यावरचा बाप्या, भर चौकात, शंभर डोळ्यांदेखत! इतकी वर्षं जो विस्तव उराशी धरून बसला होता, तो त्या पिठाच्या हातांनी एका क्षणात विझवला. आई त्याच्यावर कमी जीव लावत नव्हती... तिला त्याच्यासमोर उभं राहायला तोंड नव्हतं!

दौलत गुडघे टेकून बसला. त्याने दादाचे पाय धरले, आणि गुणाजीने चांगला हात टाकून त्याला पोटाशी ओढला.

"माफ कर रे. मी तुझ्या आड आलो."

"मी नाही जात दादा. खरंच नाही जात. मी इथेच..."

"जाशील! नाहीतर हे कोपर फुकट गेलं ना माझं!"

लोक हसले. रडता रडता मालनही हसली, आणि हळदीची वाटी घेऊन पुढे आली.

शेवंताबाई मात्र हसल्या नाहीत. थोरल्याचं डोकं मांडीवर घेऊन त्या खाली, धुळीतच बसल्या होत्या. त्यांनी वर गॅलरीच्या कठड्याकडे बघितलं. मग जाजमीकडे. मग दौलतकडे, बराच वेळ.

"गुणा," शेवटी त्या म्हणाल्या, "मला खरं सांग. आता खोटं बोलू नगं. हात सोडलास तवा काय वाटलं?"

दौलतला कळलं की आता जे ठरायचं ते इथे ठरणार.

गुणाजीने डोळे मिटले.

"भ्यालो आये. लई भ्यालो. मेलो असंच वाटलं." त्याने डोळे उघडले. "अन् मग तुझी हाक ऐकू आली. खाली येईपर्यंत तीच ऐकत होतो... मग नाही भ्यालो."

शेवंताबाईंनी मोकळा हात लांब केला आणि धाकट्याच्या बारीक कापलेल्या केसांवर ठेवला.

"कंच्या दिवशी उडनार ते आधी कळव," त्या म्हणाल्या. "मी हितनं हाक मारीन."